काठी, दोरा आणि दगड: पृथ्वीच्या पोटात डोकावायला कसं शिकावं

माणसाने जमिनीत पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. खोली १२,२६२ मीटर. १९७० साली सुरू झालेलं खोदकाम १९८९ साली तिथवर पोचलं आणि तळाचं तापमान १८० अंश सेल्सिअसच्या घरात गेल्यावर पुढे सरकेना. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. एवढा खटाटोप करूनही माणूस केंद्राकडच्या वाटेचा पाचशेवा भागसुद्धा उतरलेला नाही. तरी शालेय पुस्तकात छापलेलं असतं की २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड आहे.

हे कळलं कसं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासाठी हा लेख आहे. भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र शिकायला सुरुवात करणारे बहुतेक जण व्याख्यांपासून किंवा थेट कृष्णविवरांपासून सुरू करतात. मला दोन्ही वाटा नवख्यासाठी वाईट वाटतात. पहिलीत कंटाळा येतो आणि दुसरीत सगळंच दुसऱ्याच्या शब्दावर मानावं लागतं. त्यापेक्षा एक साखळी घ्या, जिच्या बहुतेक कड्या तुम्ही स्वतः हाताने जोडू शकता. पृथ्वी केवढी, ती आपल्याला किती जोराने ओढते, तिच्या अंगावरचा दगड किती जड, आणि त्यावरून तिच्या पोटात काय असलं पाहिजे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी घरी मोजता येतात. चौथीसाठी एकच आकडा उसना घ्यावा लागतो.

सामान असं: सुमारे एक मीटरची सरळ काठी, न ताणणारा मजबूत दोरा, मोजपट्टी, स्टॉपवॉच असलेला फोन, एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा, पाण्याचं भांडं, दोन-तीन दगड, एक सुई, एक चुंबक आणि एक वही. गणित नववी-दहावीचं पुरतं. कॅल्क्युलेटरवर ‘टॅन’ आणि ‘टॅन इन्व्हर्स’ ही बटणं कुठे आहेत ते मात्र शोधून ठेवा.

वहीबद्दल आधी दोन शब्द, कारण माझ्या मते खरं उपकरण तेच आहे. प्रत्येक मोजणीच्या आधी तुमचा अंदाज लिहा. मग मोजा, आकडा एककासकट लिहा आणि त्याच्या शेजारी तो किती हुकू शकतो तेही लिहा. ‘सावली ७२ सेंमी, अर्धा सेंमी इकडेतिकडे’, एवढं पुरे. अंदाज न लिहिता मोजलं तर उत्तर काहीही आलं तरी ते आपल्याला अपेक्षित होतंच असं वाटतं, आणि मग त्यातून काही शिकणं होत नाही.

पहिली पायरी: काठी उभी करा

सपाट, मोकळी, दिवसभर ऊन येणारी जागा शोधा. काठी ओळंब्यात उभी करा. दोऱ्याला वजन बांधलं की ओळंबा तयार होतो. तो दोन वेगवेगळ्या बाजूंनी धरून काठी दोन्हीकडून सरळ आहे ना ते तपासा. जमीन सपाट आहे का, हेही पाहा. शंका असेल तर फळी टाकून ती पाण्याच्या पातळीने समतल करा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही. आपल्याला फक्त सावली हवी आहे.

सावलीचं टोक पाहिलंत की पहिली अडचण दिसेल. ते धूसर असतं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे, त्यामुळे एक मीटर उंचीच्या काठीच्या सावलीची कड जवळपास एक सेंटीमीटर पसरते. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला जाड पुठ्ठ्याचा तुकडा लावा आणि त्यात चार-पाच मिलीमीटरचं भोक पाडा. पुठ्ठ्याच्या सावलीत उन्हाचा एक गोल ठिपका पडेल. त्या ठिपक्याचा मध्य नेमका धरता येतो. यापुढे ‘काठीची उंची’ म्हणजे भोकाची जमिनीपासूनची उंची, आणि सावली मोजायची ती भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. तो बिंदू ओळंब्याने काढा.

आता उत्तर दिशा. सूर्य सर्वांत वर असतो तेव्हा सावली सर्वांत लहान असते आणि ती उत्तर-दक्षिण रेषेवर पडते. पण त्या वेळेच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की ‘सर्वांत लहान’ क्षण पकडणं अवघड जातं. भारतीय ज्योतिषग्रंथांमध्ये यावर एक सुरेख तोड दिलेली आहे. तिथे या काठीला शंकू म्हणतात. शंकूच्या पायाभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे छेदतं तिथे खूण करा. दुपारी ते आतून बाहेर जाताना छेदेल, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. सावली भरभर बदलत असते अशा वेळी आपण खुणा करतो, म्हणून ही रीत नेमकी ठरते. वेगवेगळ्या आकाराची तीन-चार वर्तुळं काढली तर एखादी खूण ढगाने हुकली तरी दिवस वाया जात नाही.

ही रेषा पुसू नका. शेवटच्या पायरीत ती लागणार आहे.

सर्वांत लहान सावली घड्याळात बाराला पडणार नाही, याने गोंधळू नका. देशाची प्रमाणवेळ एका ठरलेल्या रेखावृत्तावर बांधलेली असते. तुम्ही त्याच्या जितके अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला, तितकी चार-चार मिनिटं मध्यान्ह आधी किंवा नंतर. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्यामुळे वर्षभरात आणखी पाव तासापर्यंत पुढेमागे होतं.

मध्यान्हीची सावली मोजा. सावली भागिले उंची, आणि त्याचा टॅन इन्व्हर्स: हा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश कललेला आहे तो कोन. २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य विषुववृत्तावर असताना, हाच कोन म्हणजे तुमचा अक्षांश. १०० सेंमी उंचीला ३६.४ सेंमी सावली आली तर तुम्ही २० अंशांवर आहात. नकाशा उघडून ताडून पाहा. अर्ध्या अंशाच्या आत आलात तर काम चांगलं झालं आहे.

दुसरी पायरी: दूरच्या मित्राला कामाला लावा

इसवी सनापूर्वी सुमारे २४० मध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात नेमकं हेच केलं. दक्षिणेला सायीन गावी सूर्य डोक्यावर येतो त्याच दिवशी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला होता. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर पन्नास वेळा घेतलं की पृथ्वीचा परीघ.

तुम्हाला असाच एक सोबती हवा, जो तुमच्यापासून काही शे किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला राहतो. दोघांनी एकाच दिवशी, आपापल्या मध्यान्ही, आपापला कोन मोजायचा. मित्र बरोबर उत्तरेलाच असायला हवा असं नाही. तो तिरकस असला तरी चालतो, कारण प्रत्येक जण स्वतःच्या मध्यान्ही मोजतो. फक्त अंतर घेताना दोघांच्या अक्षवृत्तांमधलं उत्तर-दक्षिण अंतर घ्या, रस्त्याचं नाही. विषुवदिनाची वाट पाहण्याचीही गरज नाही. त्या दिवशी सूर्य कुठेही असो, तो दोघांसाठी तिथेच असतो आणि वजाबाकीत निघून जातो. एकाची सावली उत्तरेला आणि दुसऱ्याची दक्षिणेला पडत असेल तर मात्र कोनांची बेरीज करायची, कारण सूर्य दोघांच्या मधे आहे.

समजा उत्तर-दक्षिण अंतर ६०० किमी आणि कोनांतला फरक ५.१ अंश आला. परीघ म्हणजे ६०० गुणिले ३६० भागिले ५.१, सुमारे ४२,३५० किमी. त्रिज्या ६,७४० किमी. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे ४०,००८ किमी आहे, म्हणजे आपण सहा टक्के चुकलो. हा आकडा दुरुस्त करून लिहू नका. चुकीसकट पुढे न्या. ही सहा टक्के चूक पुढे आपलं काय बिघडवते ते पाहणं हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

तिसरी पायरी: लंबक

दोऱ्याला जड, आटोपशीर वजन बांधा आणि दोरा घट्ट टांगा. टांगलेला बिंदू हलता कामा नये. खिळ्यावर नुसता अडकवलेला दोरा सरकतो, त्यापेक्षा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये चिमटीत धरल्यासारखा आवळा. लांबी मोजायची ती चिमटीपासून वजनाच्या मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नाही. ती एक मीटर ठेवा.

लंबक दहा अंशांपेक्षा कमी बाजूला न्या आणि धक्का न देता सोडा. एक दोलन म्हणजे जाऊन परत येणं. वीस दोलनांचा वेळ मोजा. एकाच दोलनाचा का नाही? बटण दाबताना बोट सेकंदाच्या दशांशाने तरी चुकतं. दोन सेकंदांत ती चूक मोठी आहे, चाळीस सेकंदांत ती विरून जाते. वेळ सुरू करायची ती लंबक अगदी खाली असताना, कारण तिथे तो सर्वांत वेगात असतो आणि क्षण स्पष्ट कळतो. मोजायला ‘शून्य’पासून सुरुवात करा, ‘एक’पासून केली की दोलन एकाने चुकतं आणि ही चूक फार जणांची होते.

पुढे जाण्यापूर्वी इथे थोडं रेंगाळा. वजन दुप्पट करून पाहा, आधी अंदाज लिहून. वेळ बदलत नाही. लांबी पाव मीटर करा. वेळ पाव होत नाही, निम्मा होतो. गुरुत्व जड वस्तूला जास्त जोराने ओढतं हे खरं, पण जड वस्तू हलवायलाही तितकीच जड असते आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना बरोबर खोडतात. हे वाक्य वाचून पटत नाही. वजन बदलूनही घड्याळाचा आकडा तोच आला की पटतं.

आता हिशेब. ३९.४८ ला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि एका दोलनाच्या वेळाच्या वर्गाने भागा. वीस दोलनांना ४०.२ सेकंद लागले तर एकाला २.०१, त्याचा वर्ग ४.०४, आणि उत्तर ९.७७. हे गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. (३९.४८ म्हणजे ‘पाय’च्या वर्गाची चौपट.) विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतं. हा फरक छोटा आहे, पण १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तावर फुगलेली आहे, याचा तो पुरावा ठरला. ध्रुवीय त्रिज्येपेक्षा विषुववृत्तीय त्रिज्या २१ किमीने जास्त आहे.

लंबक हातात आला की अनेकांना फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोसारखं पृथ्वीचं फिरणं दाखवावंसं वाटतं. १८५१ मध्ये त्याने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला होता. घरच्या एक मीटरच्या दोऱ्यावर टांगणीतला किंचितसा असमतोलही लंबकाला अंडाकृती फिरवतो आणि पृथ्वीचा परिणाम त्यात बुडून जातो. नवख्याने त्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं.

चौथी पायरी: दगडाची घनता

दगडाला नियमित आकार नसतो, मग त्याचं घनफळ कसं काढायचं? यासाठी एक युक्ती आहे. आधी कोरड्या दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने टांगून धरा; तो तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर दगडाचं घनफळ. पाणी दगडाला वर ढकलतं, म्हणून दगड पाण्याला तितक्याच जोराने खाली ढकलतो. आणि तो जोर बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा असतो. आर्किमिडीजचा नियम काट्यावर उमटताना दिसतो तो असा.

दगडाचं वजन भागिले हा आकडा: घनता. ग्रॅनाइट २.७ च्या आसपास येईल, बेसाल्ट २.८ ते ३.०. वालुकाश्म त्याहून हलका भरतो कारण त्याच्या कणांमध्ये पोकळी असते. बुडवल्यावर बुडबुडे येत राहिले तर दगड सच्छिद्र आहे आणि पाणी आत शिरतंय. असा दगड आधी भिजत ठेवून, बाहेरून पुसून मग टांगला तर पोकळीसकट घनफळ मिळतं. लाल-काळं लोहखनिज मिळालं तर जरूर मोजा, ते पाचाच्या आसपास जातं आणि हातात घेताच वेगळं वाटतं. पण लोहखनिज अपवाद आहे. भूपृष्ठावरचे बहुतेक खडक अडीच ते तीन या पट्ट्यात बसतात. तुमच्याजवळचे दगड मोजा आणि सरासरी वहीत लिहा.

पाचवी पायरी: सगळी पृथ्वी तराजूत

इथे उसना आकडा लागतो. पृथ्वी किती जोराने ओढते ते आपल्याला कळलं, पण किती वस्तुमान किती ओढतं हे कळल्याशिवाय त्यावरून वजन निघत नाही. हे पहिल्यांदा प्रयोगशाळेत मोजलं हेन्री कॅव्हेंडिशने, १७९८ मध्ये. उपकरणाची कल्पना जॉन मिचेलची. ते वापरण्याआधीच तो वारला होता. तारेने आडव्या टांगलेल्या दांडीच्या टोकांना दोन छोटे शिशाचे गोळे, आणि त्यांच्याजवळ आणलेले प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. त्यांच्या ओढीने तारेला किंचित पीळ पडतो. ती ओढ इतकी अल्प की माणूस खोलीत शिरला तरी हवेच्या झुळकीने सगळं बिघडावं, म्हणून कॅव्हेंडिश बाहेर उभा राहून भिंतीतून दुर्बिणीने पाहत असे. आज आपण ज्याला वैश्विक गुरुत्वस्थिरांक म्हणतो तो त्या पिळातून निघतो: ०.००००००००००६६७४.

हा आकडा आणि गोलाच्या घनफळाचं सूत्र एकत्र करून मी हिशेब सोपा करून देतो. तुमच्या गुरुत्व त्वरणाला ३५७७ ने गुणा आणि किलोमीटरमधल्या त्रिज्येने भागा. उत्तर येईल ती संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता, ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर.

आपले आकडे घालू. ९.७७ गुणिले ३५७७ भागिले ६,७४०: ५.२. त्रिज्या अचूक घेतली असती तर ५.५ आलं असतं, आणि मान्य आकडा ५.५१ आहे. कॅव्हेंडिशचा ५.४५ च्या जवळ होता. त्याच्याही शंभराहून अधिक वर्षं आधी न्यूटनने नुसत्या तर्काने पाण्याच्या पाच-सहा पट असा अंदाज लिहून ठेवला होता.

आता वहीतला दगडाचा आकडा शेजारी ठेवा. २.७ आणि ५.२. आपली त्रिज्या सहा टक्के चुकली होती. ती दहा टक्के चुकली असती तरी घनता पाच ते सहाच्या आसपासच राहिली असती. २.७ पर्यंत ती कुठल्याही मोजणीच्या चुकीने खाली येत नाही. तेव्हा निष्कर्ष टाळता येत नाही: पृथ्वीच्या अंगावर जे आहे त्याच्या दुप्पट जड ती सरासरीने आहे, म्हणून आत काहीतरी फारच जड असलं पाहिजे. काठी, दोरा आणि दगड यांच्या जोरावर तुम्ही कोलाच्या भोकापेक्षा खोल पोचलात. नवख्याला नेमकेपणाची भीती असते, पण कुठल्या प्रश्नाला किती नेमकेपणा पुरतो हे ओळखता आलं की ओबडधोबड मोजणीही खूप काही सांगून जाते.

एक शंका मात्र रास्त आहे. खोलवर प्रचंड दाब असतो, मग साधा खडकच दबून जड झाला नसेल कशावरून? काही अंशी होतोच. भूकवचाखालच्या प्रावरणाची घनता वरच्या बाजूला ३.३ च्या आसपास आहे आणि २,९०० किमी खोलीवर ती ५.५ च्या वर जाते. पण हा त्याचा सर्वांत दाबलेला भाग. सगळा गोल दबलेल्या खडकाचाच असता तर सरासरी ५.५ झाली नसती. मध्यभागी १० ते १३ घनतेचं काहीतरी हवं. लोखंडावर बोट ठेवलं जातं कारण ते पुरेसं जड आहे, दाबाखाली नेमकं त्या घनतेला पोचतं, आणि आकाशातून पडणाऱ्या अशनींपैकी काही जवळजवळ निव्वळ लोह-निकेलचे असतात.

सहावी पायरी: भूकंपाच्या लहरी वाचा

ते लोखंड वितळलेलं आहे हे घनतेवरून कळत नाही. त्यासाठी दोन प्रकारच्या लहरी ओळखाव्या लागतात. लांब मऊ स्प्रिंगचं खेळणं मिळालं तर जमिनीवर ताणून धरा. टोक पुढे-मागे झटकलं की वेटोळी दाटतात, विरळ होतात आणि ती दाटी पुढे धावते: ही प्राथमिक, म्हणजे पी लहर. टोक आडवं झटकलं की वळण पुढे सरकतं: ही दुय्यम, एस लहर. पदार्थ दाबला जाण्याला विरोध करत असेल तर पी लहर जाते, आणि हा विरोध घन, द्रव, वायू सगळेच करतात. एस लहरीसाठी पदार्थाने आकार बदलण्याला विरोध करावा लागतो. द्रव तो करत नाही. म्हणून द्रवातून एस लहर जात नाही.

भूकवचात पी लहर सेकंदाला सुमारे ६ किमी आणि एस लहर ३.५ किमी वेगाने जाते. वीज दिसणं आणि गडगडाट ऐकू येणं यातल्या सेकंदांवरून वीज किती दूर पडली ते काढतो, तसंच इथेही करता येतं. भूकंपलेखावर पी आणि एस यांच्या आगमनातले सेकंद मोजा आणि आठाने गुणा. काही शे किलोमीटरपर्यंतच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. २५ सेकंदांचा फरक म्हणजे २०० किमी. भूकंप नोंदवणाऱ्या एका केंद्रावरून दिशा कळत नाही, फक्त एक वर्तुळ मिळतं. तीन केंद्रांची तीन वर्तुळं जिथे भेटतात तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा. अनेक भूकंप केंद्रांचे लेख इंटरनेटवर मोफत पाहता येतात. तीन केंद्रांचे लेख घ्या, नकाशा आणि कंपास घेऊन वर्तुळं काढा आणि जाहीर झालेल्या अपिकेंद्राशी ताडून पाहा.

घरबसल्या लहर नोंदवायची असेल तर फोनमध्येच त्वरणमापक असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याचे आकडे आलेखावर दाखवतं. फोन फरशीवर ठेवून शेजारी उडी मारा आणि आलेख पाहा.

पृथ्वीच्या पोटाची ओळख अशा लेखांमधूनच झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या आणि १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केलेल्या रिचर्ड ओल्डहॅमने १९०६ मध्ये दाखवलं की खूप दूरच्या केंद्रांवर लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, म्हणजे मधे वेगळ्या पदार्थाचा गाभा आहे. बेनो गुटेनबर्गने त्याची खोली सुमारे २,९०० किमी काढली. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीजने गाभा द्रव असल्याचं मांडलं. भूकंपाच्या जागेपासून पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेल्या १०४ अंशांपलीकडे थेट एस लहरी येतच नाहीत. आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी, जिथे पी लहरीही यायला नकोत अशा पट्ट्यात आलेल्या क्षीण पी लहरींवरून, द्रवाच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचं ओळखलं. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किमी आणि तो घन आहे. तिथे उष्णता भयंकर असली तरी दाब इतका आहे की लोखंडाला वितळता येत नाही.

याच पुराव्याने एक घट्ट बसलेला गैरसमज मोडतो. भूकवचाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे आणि खंड त्यावर तरंगतात, असं पुष्कळांना वाटतं. पण प्रावरणातून एस लहरी सर्रास जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. घन राहूनच ते वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने वाहतं, जसं हिमनदीतलं बर्फ घन राहून वाहतं. ज्वालामुखीतला शिलारस मर्यादित जागी तयार होतो, जिथे वर येणाऱ्या खडकावरचा दाब कमी होतो किंवा पाण्यामुळे तो कमी तापमानाला वितळतो.

सातवी पायरी: सुई

शिवणाची सुई मध्यावर दोरा बांधून अशी टांगा की ती अगदी आडवी राहील. गाठ थोडी इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं, घाई करू नका. मग गाठीवर गोंदाचा थेंब ठेवा. आता चुंबक सुईवरून एकाच दिशेने पुष्कळ वेळा फिरवा आणि पुन्हा टांगा. सुई उत्तर-दक्षिण वळेल, आणि मघाशी समतोल असलेली सुई एका बाजूला झुकेलही. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी तिचं उत्तर टोक खाली जातं. हा झुकाव १५८१ मध्ये रॉबर्ट नॉर्मनने प्रसिद्ध केला आणि १६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने त्यावरून मांडलं की पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे.

कायमचं चुंबक मात्र ती असू शकत नाही. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व गमावतं, आणि पृथ्वी तेवढी गरम व्हायला काही दहा किलोमीटर खोलीच पुरते. शिवाय कायमच्या चुंबकाची दिशा बदलत नाही, तर लंडनमध्ये होकायंत्र १५८० च्या सुमारास खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होतं आणि १८०० च्या आसपास ते २४ अंश पश्चिमेला गेलं होतं. इतक्या लवकर बदलणारं काहीतरी वाहतं असलं पाहिजे. बाह्यगाभ्यातलं द्रव लोखंड वाहताना विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि त्यातून हे चुंबकीय क्षेत्र टिकून राहतं.

पहिल्या पायरीतली रेषा आता वापरा. सुई किंवा होकायंत्र त्या रेषेवर धरा; जवळ लोखंडी वस्तू, तारा किंवा फोन नको. सावलीची उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यात पडलेल्या कोनाला दिक्पात म्हणतात. तो तारखेसकट लिहा. मग सुईच्या झुकावाचा कोन मोजा, त्याच्या टॅनचं निम्मं करा आणि टॅन इन्व्हर्स घ्या. पृथ्वीचं चुंबकत्व साध्या पट्टीचुंबकासारखं आणि तिच्या आसेशी जुळलेलं असतं तर तुमचा अक्षांशच आला असता. २० अंशांवर झुकाव ३६ अंश असता. तो तसा येणार नाही. सुई टांगण्यातली चूक वजा केल्यावर जो फरक उरतो तो खराच आहे, कारण गाभ्यातला प्रवाह आसेशी जुळलेला नाही आणि सगळीकडे सारखाही नाही. विमानं, जहाजं आणि फोन दिशा काढताना ज्या जागतिक चुंबकीय प्रारूपावर विसंबतात ते याच कारणाने दर पाच वर्षांनी नव्याने काढावं लागतं. उत्तर चुंबकीय ध्रुव फार वेगाने सरकू लागल्यामुळे २०१९ मध्ये तर ते मुदतीआधीच बदलावं लागलं. तुमचा दिक्पात आणि झुकाव त्याच्या चालू आवृत्तीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.